ढवळणे थांबलेले दूध : नागमोडी वाटेतील भोवऱ्याचे एक प्रकरण

एप्रिल-मे महिन्यांत दुधाचे संकलन घटते, ही गोष्ट सांगली जिल्ह्यातील कोणत्याही दूध केंद्राला नवीन नाही. ज्या केंद्राचे हे प्रकरण आहे तेथे ताशी २००० लिटर क्षमतेचा प्लेट पाश्चरायझर, म्हणजे पातळ प्लेटांच्या एका बाजूने गरम पाणी आणि दुसरीने दूध नेऊन दुधातील जंतू मारणारे यंत्र, आहे आणि उन्हाळ्यात हाती येणारे दूध जेमतेम निम्मे असते. पिशव्या भरणारे यंत्र थांबत-थांबत चालवण्यापेक्षा सगळी साखळी संथ पण अखंड चालावी, या हेतूने तेथील ऑपरेटरांनी पंपापुढचा व्हॉल्व्ह आवळून दुधाचा प्रवाह ताशी सुमारे १००० लिटरवर आणला होता. हेतू चांगला होता. मात्र एरवी सलग सहा तास बिनतक्रार चालणारा पाश्चरायझर आता साडेतीन तासांतच अडू लागला, म्हणजे दुधाचे तापमान ठरलेल्या मर्यादेखाली जाऊन वळण-व्हॉल्व्ह दूध पुन्हा कच्च्या दुधाच्या टाकीकडे परतवू लागला.

मला बोलावले गेले तेव्हा नोंदवहीतील आकडे एक विचित्र कहाणी सांगत होते. सुरुवातीला गरम पाणी ७८ अंशांवर असताना दूध ७५ अंशांपर्यंत तापत होते, म्हणजे पूर्ण प्रवाहाच्या दिवसांपेक्षा जास्तच. दीड तासाने तेच दूध ७३ वर उतरले. मग पाणी ८० अंश, पुढे ८२, शेवटी ८४ अंशांवर नेले, आणि तरीही दूध ७२ अंशांना धरून राहीना. प्रत्येक वेळी पाणी तापवले की पंधरा-वीस मिनिटे बरे वाटायचे आणि पुन्हा उतार सुरू व्हायचा. ऑपरेटरांचा तर्क घरच्या चुलीवरचा होता आणि तो मला अजूनही आठवतो : “सर, मंद आचेवर दूध कधी करपतंय व्हय?”

हा तर्क खोडून काढणे वाटते तितके सोपे नाही, कारण तो पातेल्यापुरता खरा आहे. शिवाय प्रवाह निम्मा केल्याने दूध तापण्याचा वेळ दुप्पट होतो, हेही खरेच. होल्डिंग कॉइल, म्हणजे तापलेले दूध ठरलेला वेळ गरम ठेवणारी नळी, २००० लिटरच्या प्रवाहाला १५ सेकंदांचा थांबा देईल अशा मापाची, म्हणजे सुमारे ८.३ लिटरची असते. प्रवाह १००० लिटरवर आणला की तोच थांबा ३० सेकंदांचा होतो. जंतुनाशाच्या दृष्टीने त्यात गैर काहीच नव्हते. म्हणूनच दोष प्रवाहात असेल असे कोणाला वाटले नाही आणि संशय आधी दुसरीकडे गेला.

पहिला संशय पाण्यावर होता. केंद्राला बोअरचे पाणी आहे आणि ते जड आहे, तेव्हा गरम पाण्याच्या बाजूने प्लेटवर क्षार चढले असतील, असे सर्वांचे मत पडले. दुसरा संशय दुधावर होता, कारण उन्हात रखडत आलेल्या दुधाची आम्लता थोडी वाढली तरी ते प्लेटला लवकर धरते. आम्लतेच्या आणि दूध तापवल्यावर टिकेल का हे सांगणाऱ्या अल्कोहोल चाचणीच्या नोंदी पाहिल्या, त्या नेहमीसारख्याच होत्या. राहिला प्रश्न पाण्याचा, आणि त्यासाठी प्लेट पॅक, म्हणजे आवळून बसवलेला प्लेटांचा संच, उघडणे भाग होते.

पॅक उघडला तेव्हा गरम पाण्याची बाजू पुसट पांढुरकी, पण बोटाला गुळगुळीत लागत होती. दुधाच्या बाजूने मात्र चक्क खरवड होती. ती सपाट पसरलेली नव्हती, हा या प्रकरणातील कळीचा तपशील आहे. प्लेटवर दाबून काढलेल्या घड्यांच्या ज्या बाजूवर दुधाची धार येऊन आपटते ती बाजू जवळजवळ स्वच्छ होती. घडी ओलांडून धार पुढे गेल्यावर जी बाजू आडोशाला राहते तेथे मलईच्या रंगाचा, नखाने खरवडला तर पापुद्र्यासारखा सुटणारा थर बसला होता. शेजारच्या दोन प्लेटांच्या घड्या जेथे एकमेकींना टेकतात त्या ठिपक्यांच्या मागे हा थर सर्वांत जाड होता आणि तेथे तो तपकिरी पडला होता. सगळी प्लेट लांबून पाहिली तर पावसात एका दिशेने भिजलेल्या पत्र्यासारखी पट्टेदार दिसत होती.

आडोशाच्या बाजूलाच थर का, याचे उत्तर द्रवाच्या वागण्यात आहे. भिंत जेथे आत झुकते तेथे वाट अरुंद होऊन द्रव वेग घेतो. भिंत पुन्हा बाहेर वळली की वाट रुंदावते, वेग उतरतो आणि पुढे दाब चढत जातो. भिंतीलगतचा थर आधीच श्यानतेने, म्हणजे द्रवाच्या आतल्या घर्षणाने, दमलेला असतो, त्याला या चढत्या दाबाविरुद्ध पुढे जाणे जमत नाही, म्हणून तो भिंत सोडतो. यालाच विलगन म्हणतात. भिंत सोडलेल्या प्रवाहाच्या आणि भिंतीच्या मधल्या खळग्यात जो द्रव उरतो तो शेजारून जाणाऱ्या धारेच्या ओढीने जागच्या जागी फिरू लागतो, आणि तो भोवरा होतो. भोवरा म्हटले की सांगलीकरांच्या डोळ्यांपुढे कृष्णेच्या फुगलेल्या पाण्यात आयर्विन पुलाच्या खांबामागे फिरणारे आणि पुढे वाहून जाणारे भोवरे येतात. प्लेटच्या घडीतील भोवरा त्या जातीचा असेलच असे नाही. नदीतला भोवरा सुटतो, नवा तयार होतो, तोही सुटतो. खळग्यातला भोवरा मंद प्रवाहात सुटत नाही, तो तेथेच घर करून राहतो.

हे सांगून ऑपरेटरांना पटणार नव्हते, आणि खरे तर मलाही ते डोळ्यांनी पाहायचे होते. म्हणून एक पारदर्शक वाट तयार केली. मिरजेतील एका नामफलक बनवणाऱ्याकडून १० मिलिमीटर जाडीच्या ॲक्रिलिक शीटच्या नागमोडी पट्ट्या कापून घेतल्या आणि दहा-दहा पट्ट्या एकावर एक चिकटवून दोन्ही बाजूंच्या भिंती केल्या. लाटेची लांबी २८ मिलिमीटर, वाटेचा गळा ६ मिलिमीटर, पोट २० मिलिमीटर, खोली १०० मिलिमीटर, आणि अशा एकामागून एक आठ लाटा. वर कायम सांडत राहणारी बादली ठेवली, म्हणजे पाण्याची उंची बदलत नाही. खाली मोजपात्र आणि मोबाइलमधील घड्याळ. रंगाची धार सोडण्यासाठी औषधाच्या दुकानातून सलाइनचा सेट आणला, त्याची चाकी फिरवून थेंब कमी-जास्त करता येतात आणि या कामाला त्याहून सोयीचे साधन मला आजवर सापडलेले नाही. ऑस्बर्न रेनॉल्ड्स यांनी १८८३ मध्ये काचेच्या नळीत रंगाचा धागा सोडून जे पाहिले त्याचीच ही घरगुती आवृत्ती म्हणायची.

रंगासाठी सांगलीत पहिल्यांदा सुचते ती हळद, आणि ती फसली. हळद पाण्यात विरघळत नाही, तिचे कण तळाला बसतात, आणि ॲक्रिलिकच्या जोडांना जो पिवळा डाग पडला तो अजून गेलेला नाही. मग पोटॅशियम परमँगनेटचे अगदी फिके द्रावण वापरले, कारण दाट द्रावण जड होऊन खाली ओघळते, आणि प्रवाहाची दिशा दिसावी म्हणून भांडी घासण्याच्या साबणाच्या थेंबात कालवलेली ॲल्युमिनियमची पूड.

मोजणीचा पाया रेनॉल्ड्स अंकाचा होता (तो लहान असला की प्रवाह शांत, मोठा झाला की खळबळता) : वेग गुणिले वाटेची रुंदी, भागिले द्रवाची श्यानता आणि घनता यांचे गुणोत्तर. अशा वाटेत गळ्यापाशी वेग जितका वाढतो तितकीच रुंदी कमी होते, त्यामुळे हा गुणाकार गळ्यात आणि पोटात सारखाच येतो आणि नुसत्या मोजपात्रावरून अंक काढता येतो. २५ अंशांच्या पाण्यासाठी हे गुणोत्तर सेकंदाला सुमारे ०.९ चौरस मिलिमीटर धरले.

मिनिटाला ४५ मिलिलिटर पाणी सोडले तेव्हा रेनॉल्ड्स अंक ८ च्या आसपास होता. रंगाचा धागा भिंतीच्या वळणांबरोबर आज्ञाधारकपणे वर-खाली होत गेला आणि खळग्यात कोठेही फिरणे दिसले नाही. प्रवाह ५४० मिलिलिटरवर, म्हणजे अंक १०० वर नेला आणि चित्र पालटले. धागा आता वळणांकडे ढुंकूनही न पाहता एका गळ्यातून दुसऱ्या गळ्यात सरळ जाऊ लागला, आणि प्रत्येक पोटात दोन्ही बाजूंना ॲल्युमिनियमची चमक सावकाश गोल फिरू लागली. फिरण्याची एक फेरी अर्ध्या-पाऊण मिनिटाची होती. भोवऱ्याचा मध्य खळग्याच्या मधोमध नव्हता, किंचित पुढच्या बाजूला सरकलेला होता.

मग सलाइनची सुई चौथ्या लाटेच्या खळग्यात नेऊन परमँगनेटचे काही थेंब थेट भोवऱ्यात सोडले. मधली धार एक लाट साधारण तीन सेकंदांत ओलांडत होती. भोवऱ्यातला गुलाबी रंग मात्र दहा मिनिटांनंतरही तेथेच फिरत होता, कडेला जरा फिका, मध्ये गडद. ऑपरेटर वाकून बराच वेळ पाहत राहिले आणि इतकेच म्हणाले, “हे तर डबकंच आहे की.”

डबके हा शब्द मला आवडला, पण तो पूर्ण बरोबर नाही. पूर्ण स्थिर डबके असते तर ७ मिलिमीटर खोल खळग्यातला रंग केवळ विसरणाने, म्हणजे रेणूंच्या आपोआप पसरण्याने, बाहेर पडायला कित्येक तास लागले असते. भोवरा फिरत असल्याने तो आपल्या आतला द्रव पुन्हा-पुन्हा धारेच्या कडेला आणतो, म्हणून हे काम तासांऐवजी मिनिटांत होते. तरीही मधल्या धारेचा द्रव त्या बंद रेषेच्या आत शिरत नाही आणि आतला बाहेर जात नाही. दोघांमधील देवाणघेवाण अखेर विसरणावरच चालते. उष्णता पाण्यात रंगापेक्षा शंभरेक पटींनी लवकर पसरते, त्यामुळे उष्णतेची कोंडी रंगाइतकी भयंकर नसते. पण दुधातील प्रथिनांचे रेणू रंगासारखेच सावकाश सरकणारे असतात, आणि आपल्याला खरी काळजी त्यांची आहे.

कित्येकांचा समज असा असतो की नागमोडी भिंत म्हणजे आपोआप जास्त मिसळण आणि जास्त उष्णता. जी. वांग आणि एस. पी. वांका यांनी १९९५ मध्ये अशाच लाटदार वाटेचे संगणकीय गणित मांडले होते. प्रवाह स्थिर असेपर्यंत तिच्यातून मिळणारी उष्णता सपाट भिंतींच्या वाटेपेक्षा किंचितच जास्त असते, घर्षण मात्र जवळजवळ दुप्पट होते, असे त्यात दिसले. प्रवाह आपणहून थरथरू लागल्यावरच उष्णतेचे वहन सपाट वाटेच्या सुमारे अडीचपट होते. म्हणजे लाटांचे पैसे आधी मोजायचे आणि माल वेग वाढवल्यावर घ्यायचा, असा हा व्यवहार आहे.

आमच्या वाटेतही तेच दिसले. प्रवाह मिनिटाला २.७ लिटर, म्हणजे अंक ५०० केला तेव्हा पहिल्या दोन-तीन लाटांत धागा शांत होता, पण चौथ्या लाटेपासून त्याला शेपूट फुटल्यासारखी वळवळ सुरू झाली आणि पुढच्या लाटांत भोवऱ्यांचे लचके तुटून धारेत जाऊ लागले. मघाचा गुलाबी रंग दोन-चार सेकंदांत नाहीसा झाला. येथे ऑपरेटरांच्या चुलीच्या उपमेला उत्तर सापडले. प्रवाह मंद करणे म्हणजे आच मंद करणे नव्हे. आच, म्हणजे गरम पाणी, तर तितकेच राहिले होते किंवा वाढवले होते. मंद झाले ते ढवळणे. पातेल्याखाली जाळ तसाच ठेवून पळी बाजूला काढली, तर दूध तळाला लागणारच.

हे आकड्यांत मांडता येते. दुधाच्या बाजूचे उष्णतावहन वेगाच्या साधारण ०.७ व्या घाताने बदलते असे धरले, तर वेग निम्मा झाल्यावर ते ६२ टक्क्यांवर येते. पाण्याची बाजू तशीच राहते. दोन्ही बाजू आधी समान धरल्या तर प्लेटचे तापमान पाणी आणि दूध यांच्या बरोबर मध्ये असते. आता ते पाण्याकडे झुकते. पाणी ८२ आणि दूध ७२ असेल तर प्लेट ७७ ऐवजी ७८ अंशांच्या वर जाते. दह्याच्या निवळीत असते त्या मट्ठा-प्रथिनांपैकी बीटा-लॅक्टोग्लोब्युलिन ७० अंशांच्या पुढे उलगडू लागते आणि तापलेल्या धातूला चिकटते, व पुढचा प्रत्येक अंश त्याचा वेग वाढवतो. त्याच वेळी भिंतीला घासून जाणारा अपरूपण ताण वेगाच्या सुमारे पावणेदोनाव्या घाताने घटतो, म्हणजे वेग निम्मा झाला की तो ३० टक्क्यांवर येतो. चिकटणारे वाढले आणि खरडून नेणारे घटले. थर बसला की तो उष्णता अडवतो, मग पाणी आणखी तापवावे लागते, आणि नोंदवहीतले ७८, ८०, ८२, ८४ हे त्या फेऱ्याचेच आकडे होते.

येथे एक सावधगिरी नोंदवली पाहिजे, कारण प्रात्यक्षिकाच्या मोहात ती विसरली जाते. पाश्चरायझरची प्लेट म्हणजे आमची ॲक्रिलिकची वाट नव्हे. प्लेटांवरच्या घड्या तिरप्या असतात आणि शेजारच्या प्लेटवर उलट्या दिशेने, त्यामुळे धार एका प्रतलात न राहता पिळा घेत जाते. तेथील वाट ३ मिलिमीटरची, दूध गरम आणि म्हणून पातळ. त्या हिशेबाने निम्म्या प्रवाहातही अंक ७०० च्या घरात येतो, १०० वर नव्हे. तेव्हा निम्म्या प्रवाहात प्लेटमधले सगळे भोवरे बंदिस्त झाले, असे मी म्हणणार नाही. टेकलेल्या ठिपक्यांच्या मागच्या कोपऱ्यांत आणि प्लेटच्या ज्या कडेला दूध मुळातच कमी पोहोचते तेथे मात्र स्थानिक वेग सरासरीपेक्षा बराच कमी असतो, आणि थरही नेमका तेथेच जाड होता.

उपायांच्या चर्चेत पहिला मुद्दा माझ्याच हौसेतून आला. ॲक्रिलिकच्या वाटेत प्रवाह ५४० मिलिलिटरवर ठेवून मी रबरी नळी दर दोन सेकंदांनी चिमटीत दाबून सोडली होती. धार मंदावली की भोवरा फुगून वाटेच्या मध्यापर्यंत येई आणि पुढच्या झटक्यात धारेबरोबर निघून जाई. सरासरी प्रवाह न वाढवता खळगा रिकामा होत होता. ही युक्ती नवीन नाही. ऑक्सफर्डमध्ये ब्रायन बेलहाऊस यांच्या गटाने १९७० च्या दशकात रक्तात ऑक्सिजन मिसळणाऱ्या उपकरणासाठी खाचा असलेल्या पडद्यांवरून रक्त मागे-पुढे हेलकावत नेले होते, आणि इयन सोबी यांनी १९८० मध्ये त्या प्रवाहाचे गणित मांडून भोवरे प्रवाह मंदावताना फुगतात आणि दिशा उलटताना बाहेर फेकले जातात हे दाखवले. रक्ताला जोराने घुसळता येत नाही, म्हणून तेथे हेलकावा हाच मार्ग होता.

दुधाच्या पाश्चरायझरसाठी मात्र हा मार्ग मी स्वतःच नाकारला. रिजनरेशनच्या, म्हणजे तापलेल्या दुधाची उष्णता कच्च्या दुधाला देण्याच्या, भागात तापलेले दूध आणि कच्चे दूध एकाच प्लेटच्या दोन बाजूंनी जातात, आणि तापवलेल्या दुधाचा दाब कायम जास्त ठेवावा लागतो, म्हणजे प्लेटला सुईएवढे छिद्र पडले तरी कच्चे दूध चांगल्या दुधात शिरत नाही. हेलकाव्यात हा दाब क्षणभर उलटू शकतो. शिवाय होल्डिंगची हमी एकसारख्या, मोजलेल्या प्रवाहावरच उभी असते.

दुसरा उपाय प्लेट कमी करण्याचा. प्रवाह निम्मा असेल तर चार समांतर वाटांऐवजी दोन ठेवाव्यात, म्हणजे प्रत्येक वाटेतला वेग पूर्वीइतकाच राहतो आणि दर लिटरमागे प्लेटचे क्षेत्रही तितकेच मिळते. कागदावर हे निर्दोष आहे. पण त्यासाठी गरम, रिजनरेशन आणि थंड अशा तिन्ही भागांची मांडणी बदलावी लागते, पॅक आवळण्याचे माप नव्याने ठरवावे लागते, आणि प्लेटांमधले जुने रबरी गॅस्केट एकदा हलले की गळू लागतात. उन्हाळ्याच्या दोन महिन्यांसाठी हा खटाटोप करण्यास केंद्र तयार नव्हते आणि मीही आग्रह धरला नाही.

तिसरा उपाय ऑपरेटरांनीच सुचवला, तोही ॲक्रिलिकच्या वाटेपुढे उभे असतानाच. संध्याकाळचे दूध ४ अंशांवर थंड करून टाकीत ठेवायचे, सकाळच्या दुधात मिळवायचे, आणि पाश्चरायझर पूर्ण २००० लिटरवर चालवून निम्म्या वेळात काम संपवायचे. पिशव्यांचे यंत्र तयार दुधाच्या टाकीवरून आपल्या गतीने चालेल. टाक्या होत्याच, फक्त धुण्याचे वेळापत्रक बदलावे लागले. हाच उपाय स्वीकारला गेला.

बदल करताना आणखी एक चूक हाती लागली, आणि माझ्या मते नुकसानीतला तिचा वाटा लहान नव्हता. सीआयपीची, म्हणजे यंत्र न उघडता आतून कॉस्टिक सोडा फिरवून होणारी, धुलाईही त्याच आवळलेल्या व्हॉल्व्हमधून, म्हणजे निम्म्याच प्रवाहाने होत होती. कॉस्टिकचे प्रमाण आणि तापमान बरोबर होते, वेळही बरोबर होती, पण आडोशाच्या खळग्यांत ताजे कॉस्टिक पोहोचतच नव्हते. काल राहिलेल्या पापुद्र्यावर आजचे दूध आणखी लवकर धरत होते. आता धुलाईआधी व्हॉल्व्ह पूर्ण उघडल्याची नोंद करण्यासाठी वहीत वेगळा रकाना आखला आहे. पूर्ण प्रवाहाने पहिली धुलाई झाली तेव्हा परतणारे कॉस्टिक काळ्या चहासारखे आले आणि ते दोनदा बदलावे लागले.

त्यानंतर पाणी ७८ अंशांवर ठेवून पूर्ण प्रवाहाची फेरी सुरू केली, आणि दूध संपेपर्यंत पाणी ७९ च्या वर न्यावे लागले नाही. तीन आठवड्यांनी पॅक पुन्हा उघडला. गरम भागातील बहुतेक प्लेटांवर हाताला जेमतेम जाणवणारा पातळ पडदा होता. शेवटच्या दोन प्लेटांच्या खालच्या कोपऱ्यात मात्र पट्टे अजूनही होते, कारण तेथे दूध कितीही जोराने सोडले तरी कमीच पोहोचते. त्या दोन प्लेटा नायलॉनच्या ब्रशने हाताने घासाव्या लागल्या, आणि यापुढेही लागतील असे दिसते.